शव्वालचे लग्न आणि वजनाचा डबा

अस्रची नमाज आटोपली की अमरावतीच्या इतवाऱ्यात आणि अकोल्याच्या मोहम्मद अली रोडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. खजुराचे ढीग, फेण्या आणि शेवयांचे भारे, कढईतून निघणारे समोसे, कापलेल्या कलिंगडाच्या फोडी. इफ्तारला तासभर उरलेला असतो आणि प्रत्येकाला घरी पोहोचायची घाई असते. गेल्या काही वर्षांत या बाजाराच्या आजूबाजूला आणखी एक माल दिसू लागला आहे. औषधाच्या दुकानाच्या काचेवर, ब्युटी पार्लरच्या दारावर आणि मोबाइलच्या स्टेटसवर त्याची जाहिरात असते. महिनाभरात वजन उतरवणारी पावडर, चरबी वितळवणारी कॅप्सूल, पोट सपाट करणारा चहा.

रमजानमध्ये या मालाची चर्चा वाढते, त्यामागे दोन कारणे आहेत. पहिले साधे आहे. दिवसभर उपवास होतोच आहे, त्याला पावडरची जोड दिली तर वजन झपाट्याने उतरेल, असा हिशेब. दुसरे कारण मुस्लिम घरांच्या बाहेर फारसे ठाऊक नसते. रमजान संपून ईद झाली की शव्वालचा महिना लागतो आणि थांबलेली लग्ने सुरू होतात. ज्या घरात मुलीचा निकाह ठरलेला असतो तिथे रमजानचे तीस दिवस म्हणजे दागिने, कपडे, दावत आणि मुलीचे वजन, या सगळ्यांची शेवटची मुदत असते.

मग गल्लीत असे बोलणे होते.

"भाभी, पोरीचं लग्न शव्वालात आहे ना? मंग हे पावडर सुरू करून टाका. सेहरीत एक चमचा, रात्री एक चमचा. ईदपर्यंत सात-आठ किलो उतरते."

"पण आपा, खरंच उतरते का? दोन-अडीच हजारांचा डबा आहे तो."

"हाव ना! माह्या नणंदेचं उतरलं की."

भाभीच्या जागी काकू आणि शव्वालच्या जागी तुळशीचे लग्न ठेवले, तर हेच बोलणे वऱ्हाडातल्या कोणत्याही वाड्यात ऐकू येईल. वजनाची चिंता आणि डब्यावरचा विश्वास या दोन्ही गोष्टींना धर्म नाही. प्रश्न एवढाच की नणंदेचे वजन खरोखर पावडरीने उतरले का?

विज्ञान हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारते. पावडर घेणारी व्यक्ती त्याच महिन्यात बहुधा भातही कमी खाते, मिठाई टाळते, संध्याकाळी चालायला जाते. मग वजन कशाने उतरले? हे कळण्यासाठी लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात. एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण काहीच नसलेली गोळी देतात. कोणाला कोणती मिळाली हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही. बाकी आहार दोघांचा सारखा. शेवटी दोन्ही गटांच्या वजनात जो फरक उरतो, तेवढेच श्रेय गोळीचे. या कसोटीला बाजारातला माल लावला की चित्र बदलते.

गार्सिनियापासून सुरुवात करू. हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातले. केरळात त्याला कुडमपुळी म्हणतात आणि माशांच्या कालवणात आंबटपणासाठी घालतात. त्याच्या सालीतल्या आम्लामुळे शरीरात चरबी तयार होत नाही, असा दावा करून जगभर कॅप्सूल विकल्या गेल्या. १९९८ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात याची चाचणी प्रसिद्ध झाली. १३५ लठ्ठ व्यक्ती, १२ आठवडे, सगळ्यांना सारखाच कमी उष्मांकाचा आहार. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरले. रिकामी गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोंनी. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने योगायोगाचा असू शकतो, पण गार्सिनियाच्या बाजूने तर तो नक्कीच नव्हता. जे उतरले ते आहाराने उतरले. उलट गेल्या काही वर्षांत गार्सिनियाच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत.

ग्रीन टीचा चहा म्हणून कोणाला आवडत असेल, तर त्यात वावगे काही नाही. दावा मात्र त्याच्या अर्काच्या कॅप्सूलबद्दल असतो. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने, जी जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते, ग्रीन टीवरील अभ्यासांचा आढावा घेतला. जपानबाहेर झालेल्या चाचण्यांत ग्रीन टी आणि रिकामी गोळी यांच्यातला सरासरी फरक निघाला सुमारे ४० ग्रॅम. एका मध्यम कांद्याएवढाही नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये बजावले की, ग्रीन टीतील मुख्य घटक गोळ्यांच्या रूपाने दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त पोटात गेला, तर यकृतावर ताण आल्याची लक्षणे रक्तात दिसतात. कपातला चहा वेगळा आणि रिकाम्या पोटी गिळलेला दाट अर्क वेगळा.

ॲपल सायडर व्हिनेगरची बाटली तर आता किराणा दुकानातही मिळते. त्याच्या बाजूने जो अभ्यास नेहमी सांगितला जातो तो जपानचा, २००९ सालचा. १२ आठवडे रोज एक-दोन चमचे व्हिनेगर घेतलेल्यांचे वजन एक ते दोन किलोंनी कमी झाले. हा अभ्यास व्हिनेगर बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी केला होता, हेही ध्यानात ठेवावे. २०२४ मध्ये लेबनॉनमधून आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने सहा-सात किलोंचा आकडा दिला आणि तो मोबाइलवरून घरोघर पोहोचला. पण त्यातल्या आकडेवारीवर शंका घेतल्या गेल्या आणि २०२५ मध्ये नियतकालिकाने तो अभ्यास मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मात्र स्टेटसवर कोणी ठेवली नाही. दिवसभराच्या उपाशी पोटी इफ्तारला हे आम्ल घेतल्यास छातीत जळजळ होऊ शकते आणि दातांचे आवरण झिजते, ते वेगळेच.

हिरव्या कॉफीची कथा तर थेट आपल्या देशाशी जोडलेली आहे. न भाजलेल्या कॉफीच्या बियांचा अर्क वजन उतरवतो, असे सांगणारा एक शोधनिबंध २०१२ मध्ये आला. चाचणी भारतात झाली होती आणि तीत माणसे होती फक्त १६. अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमाने या अर्काला डोक्यावर घेतले आणि कॅप्सूलची विक्री आकाशाला भिडली. पुढे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने चौकशी केली. चाचणी करणाऱ्याने लोकांची वजने वारंवार बदलली होती, चाचणीचा कालावधी बदलला होता आणि कोणी खरी गोळी घेतली, कोणी रिकामी, याचीही गल्लत केली होती. कंपनीने ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले आणि २०१४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. कॅप्सूल अजूनही विकल्या जातात.

रमजानच्या बाजारात कलौंजीलाही मान आहे. तिच्याविषयी हदीसमध्ये आलेल्या उल्लेखामुळे श्रद्धाळू माणूस तिच्याकडे आदराने पाहतो. तो आदर आपल्या जागी आहे. पण त्याचा आधार घेऊन कोणी 'चरबी जाळणारे कलौंजी तेल' विकत असेल, तर त्याला प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धेला प्रश्न विचारणे नव्हे. कलौंजीवर इराण आणि इतर देशांत चाचण्या झाल्या आहेत. त्या एकत्र पाहता साधारण दीड-दोन किलोंचा फरक दिसतो. चाचण्या लहान होत्या आणि थोड्या आठवड्यांच्या होत्या. म्हणजे भाजीत, लोणच्यात, नानवर कलौंजी जरूर असावी. बाटलीवर छापलेले दहा किलो मात्र कोणत्याही चाचणीत सापडत नाहीत.

आता डब्यातल्या शेककडे वळू. येथे उत्तर सरळ नाही आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. एका जेवणाऐवजी मोजून-मापून शेक घेतला, तर वजन थोडे उतरते. २०१९ मध्ये अशा २३ अभ्यासांचा आढावा घेतला गेला तेव्हा वर्षभरात, इतर आहार-योजनांच्या तुलनेत, सरासरी १.४४ किलो जास्त घट दिसली. पण हे पावडरीतल्या एखाद्या जादूई घटकामुळे होत नाही. जेवणातून सहाशे-सातशे कॅलरी जात होत्या, शेकमधून दोनशे गेल्या, एवढाच त्याचा अर्थ. ज्वारीची अर्धी भाकर, वाटीभर तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी एवढ्यावर थांबणाऱ्यालाही तोच हिशेब लागू पडतो. इफ्तारला भजी आणि समोसे, रात्री बिर्याणी आणि वरून शेक, असे केले तर डबा वजन वाढवायलाही मदत करतो.

सर्वांत फसवा प्रकार आहे स्लिमिंग चहा. अशा अनेक चहांत सोनामुखीची पाने असतात. सोनामुखी हे जुने, ओळखीचे रेचक आहे. ते काम करते मोठ्या आतड्यात. अन्नातल्या कॅलरी मात्र त्याआधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात. म्हणजे चहाने पोट साफ होते, अंगातले पाणी जाते, काट्यावर किलो-दीड किलो कमी दिसते आणि चरबी जिथल्या तिथे राहते. रोजेदाराच्या बाबतीत हा खेळ अधिक महाग पडतो. सहरपासून इफ्तारपर्यंत पाण्याचा थेंब नाही, बाहेर वऱ्हाडातले ऊन आणि शरीरातले पाणी व क्षार रेचकाने निघून गेलेले. चक्कर येणे, रक्तदाब खाली जाणे, मूत्रपिंडावर ताण येणे, हे त्यातून घडू शकते. गल्लीत मग म्हणतात, मुलीला रोजा सोसला नाही. तिला सोसला नाही तो चहा.

आणि काही डबे खरोखर काम करतात, तेव्हा तर अधिक घाबरावे. भूक एकदम मरते, आठवड्यात फरक दिसतो, छाती धडधडते, झोप उडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात ७७६ पूरक उत्पादनांत छुपी औषधे असल्याचे नोंदवले. त्यातली सुमारे ४१ टक्के वजन उतरवण्याची होती आणि त्यांपैकी बहुतेकांत सापडले सिबुट्रामिन. हे एकेकाळी डॉक्टर लिहून देत असलेले औषध. सुमारे दहा हजार रुग्णांवरील मोठ्या अभ्यासात त्यामुळे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचा धोका १६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते हटवले गेले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली. डब्यावर 'शंभर टक्के हर्बल' लिहिलेले असते. आत काय आहे ते प्रयोगशाळेलाच कळते.

मग कायदा काय करतो? १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय कायद्याने ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणूनच हुशार विक्रेता आपल्या मालाला औषध म्हणत नाही, तो त्याला अन्नपूरक म्हणतो. लठ्ठपणाचा इलाज असे न लिहिता 'वेट मॅनेजमेंट' लिहितो. अन्नपूरक झाले की ते अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली येते. त्या नियमांनुसार डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे. ते इंग्रजीत, बारीक अक्षरांत असते. बाजूला १४ आकडी परवाना क्रमांक असतो आणि ग्राहकाला वाटते सरकारने हे तपासून मंजूर केले. परवाना धंदा करण्याचा असतो, वजन उतरवण्याच्या हमीचा नसतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्यांदा १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पावती असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण शेजारच्या आपाकडून घेतलेल्या डब्याची पावती कोण मागतो? साखळी पद्धतीच्या विक्रीचे खरे बळ यातच आहे. डबा विकणारी व्यक्ती नात्यातली, ओळखीची असते. तिला नाही म्हणणे जड जाते आणि नंतर तक्रार करणे त्याहून जड.

स्वतः रोज्याने वजन उतरते का, हाही प्रश्न रास्त आहे. यावर २०१४ मध्ये ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. रमजानभरात सरासरी सव्वा किलो वजन कमी होते आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यातले बहुतेक परत येते, असे त्यात आढळले. म्हणजे पावडर घेणाऱ्या नणंदेचे एखाद-दोन किलो उतरले असतील, तर ते न घेणाऱ्या जावेचेही उतरलेच असते. फक्त जावेने डबा घेतला नव्हता, म्हणून तिची गोष्ट कोणी सांगितली नाही. तसेही रोजा वजनासाठी नसतो. तो सब्र आणि नफ्सवर ताबा यांची तालीम आहे. त्याला जिमचे पॅकेज समजणे म्हणजे त्याची किंमत कमी करणे होय.

लठ्ठपणा हा खोटा प्रश्न आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटावर धोकादायक चरबी आढळली आणि मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेली. ज्यांना वजनामुळे मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आहे, त्यांच्यासाठी सिद्ध झालेले उपचार आहेत. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या २०२१ मधील चाचणीत १,९६१ व्यक्ती होत्या. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी आणि रिकामे इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी घटले. पुरावा म्हणतात तो असा असतो. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचे औषध आहे. त्याचे दुष्परिणाम आहेत आणि लग्नाच्या फोटोसाठी घेण्याची ती गोष्ट नाही. रोजे धरणाऱ्याने तर मधुमेहाच्या कोणत्याही औषधाची वेळ आणि मात्रा रमजानआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

बाकीच्यांसाठी उपाय जुने आहेत आणि त्यांना डबा लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते आठवड्याला अर्धा किलो ही वजन उतरवण्याची सुरक्षित गती आहे. म्हणजे रमजानच्या चार आठवड्यांत दोन किलो. इफ्तारला खजूर आणि पाणी घेऊन नमाजनंतर जेवावे. तळणाचे पदार्थ रोज न करता जुम्याला करावेत. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, हे कढईकडे पाहताना आठवावे. सरबतात साखर निम्मी करावी. कोमट पाण्यात लिंबू-मध घेणाऱ्यानेही जाणावे की मोठ्या चमच्याभर मधात साठेक कॅलरी असतात. सहर चुकवू नये. भाकर, डाळ, दही, अंडे असे पोटात टिकणारे काही खावे. तरावीहनंतर घरापर्यंत चालत जावे. पोटाचा काही भाग रिकामा ठेवण्याची शिकवण इस्लाममध्येही आहे आणि वऱ्हाडातल्या आजीच्या तोंडीही. अमरावती तर व्यायामाचे गाव. १९१४ साली स्थापन झालेल्या येथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. त्या गावाने घाम गाळण्याऐवजी पावडर विरघळवत बसावे, हे काही शोभत नाही.

आणखी एक गोष्ट याच जिल्ह्यातली आहे. अमरावती शहरात वजन उतरवण्याचे डबे विकले जातात आणि त्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात बालकांचे कुपोषण गेली अनेक दशके बातम्यांचा विषय आहे. अडीच हजारांच्या त्या डब्यात एखाद्या घराचा महिन्याचा किराणा मावतो. जकात आणि फित्र्याच्या महिन्यात तरी हा हिशेब मनात यायला हवा.

शेवटी पुन्हा त्या मुलीकडे. डबा घ्यायचा की नाही, यावर आई आणि शेजारची आपा बोलत होत्या. तिला कोणी विचारलेच नव्हते. ती रोजे धरते आहे, कॉलेजच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे, इफ्तारची तयारीही करते आहे. तिला चक्कर आली तर लोक रोज्याला दोष देतील, वजन उतरले नाही तर तिला देतील आणि डबा मात्र दोन्हीकडून सुटेल. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, असे मशिदीतून सांगितले जाते. अमानत म्हणजे जपून ठेवायला दिलेली वस्तू. तिच्यावर प्रयोग करायचा हक्क शेजाऱ्यालाही नाही आणि सासरलाही नाही. पुढच्या वेळी कोणी "माह्या नणंदेचं उतरलं" म्हणाले, तर भाभीने एवढेच विचारावे: आपा, त्या महिन्यात ती जेवत काय होती?